जोडीतून निघालेली डिस्क

शिवकन्याला कॉम्प्युटरच्या मशीनपुढून उठता येत नव्हतं आणि भिवराबाई उंबऱ्यावरून हलत नव्हती. धारूरच्या बाजारातला तिचा व्हिडिओ-स्टुडिओ मुळातच एवढासा. उंबऱ्यात कुणी बसलं की आतल्या माणसाला त्याला ओलांडूनच बाहेर पडावं लागे. आज भिवराबाईला ओलांडायचं तोंड शिवकन्याला नव्हतं.

"झालं का गं?"

"व्हतंय, मावशी."

"सकाळधरनं व्हतंयच की."

भिवराबाईची टोळी ऊसतोडीला कर्नाटकात निघाली होती. स्टँडजवळ ट्रक भरत होता. पाच-सहा महिने आता फडात जायचे, आणि जाण्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती, लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ. दीपमालाचं लग्न उन्हाळ्यात झालं, पण भिवराबाईनं ते पाहिलंच नव्हतं. अक्षता पडताना मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नसतं. ती घरामागं तुळशीला पाणी घालत बसली होती, मंगलाष्टकं नुसती कानांनी ऐकत. "व्हिडिओत बघा की निवांत," असं तेव्हा तिला सांगणारी शिवकन्याच. पुढं लग्नसराईच्या रेट्यात एडिटिंग मागं पडलं, कॅमेऱ्याची कार्डं पुसून दुसऱ्या लग्नांना गेली, आणि दीपमालाचं लग्न उरलं ते फक्त या मशीनमध्ये.

मशीन लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर चालायचं. ते कसं बसवायचं हे शिवकन्या मोबाईलवर बघून शिकली होती, कणीक मळता मळता. आत दोन डिस्कची जोडी, तिला रेड म्हणतात. एकीवर लिहिलं की जसंच्या तसं दुसरीवर उमटतं. एक गेली तरी दुसरीवर संसार चालू राहतो. "आमच्याकडं लग्न दोनदा ठेवतेत," असं ती गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायची.

आज सकाळी पडद्यावर दोन खुणा दिसायच्या तिथं एक खूण आणि शेजारी रिकामी रेघ दिसली. एक डिस्क जोडीतून बाद. शिवकन्यानं शिकल्याप्रमाणं सगळं केलं. बाद डिस्क काढली, नवी बसवली, आणि उरलेलीवरचं नवीवर उतरवून घ्यायला मशीनला सांगितलं. काम थोडं सरके, अडके, परत पहिल्यापासून सुरू होई. मग कारण कळलं. उरलेली डिस्कसुद्धा आजारी होती, तिच्यावरचं जागोजागी वाचताच येत नव्हतं. दीपमालाचं लग्न उघडावं तर नवरदेव मांडवात येईपर्यंत चाले, अंतरपाट धरला की थिजून जाई. मशीन बंद करावं तर आजारी डिस्क परत उठेल याची खात्री नाही. चालू ठेवावं तर घटकेघटकेला ती आणखी खंगत होती.

तेवढ्यात शिवकन्याचा नवरा अंगद भिवराबाईला ओलांडून आत आला. "टोळीचा मुकादम बोंबलायलाय. म्हातारीला ठिवून जातो म्हनला."

"म्हातारी त्याची माय," उंबऱ्यावरून उत्तर आलं.

अंगदची नजर टेबलावरच्या डिस्ककडं गेली. "अगं, ही कावून काढली?"

"मेलीय ती." शिवकन्यानं डिस्क उचलली आणि थबकली. डिस्कच्या अंगावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. "हे कुणी लावलं?"

"खंडेनवमीला मीच की. कॅमेऱ्याला लावलं, लाइटीला लावलं. म्हनलं, मशिनीच्या वरच्या पत्र्याला लावून काय उपेग? पत्रा काढला अन् आतल्या दोघींला लावलं."

"मशीन बंद करून?"

अंगद भिंतीकडं बघत म्हणाला, "चालूच व्हती. वायर आडवी येत व्हती, म्हनून वढली जराशी."

"जराशी!"

म्हणजे ही डिस्क मेलीच नव्हती. तिची वायर निसटली, मशीननं तिला मेली समजून सोडून दिलं, आणि तेव्हापासून सगळा भार आजारीवर पडला. लग्न उन्हाळ्यातलं, खंडेनवमी परवाची. दीपमालाचं लग्न हिच्यावर धडधाकट असणार! आणि हीच पुसून परत जोडीत घालावी असं सकाळी शिवकन्याच्या मनात आलं होतं.

तिनं डिस्क बाहेरच्या केबलला लावली आणि मशीनला बजावलं, हिला एकटीला उघड, नुसतं वाच, एक अक्षर लिहू नकोस. केबलची पिन ढिली होती. अंगठ्यानं दाबून धरली तरच डिस्क दिसे. अंगठा दाबला. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या.

"मावशी, मोबाईलचं मेमरी कार्ड द्या." तिनं अंगदकडं मान वळवली. "अन् तुमी जावा, ट्रक थांबवा."

"काय सांगून थांबवू?" अंगद म्हणाला.

"वायर तुमीच वढली म्हनून सांगा."

कार्ड भरेपर्यंत हॉर्न वाजतच राहिला. शिवकन्यानं डाव्या हातानं कार्ड मोबाईलमध्ये घालून दिलं. भिवराबाईनं तिथंच उभ्यानं बघितलं. मंगलाष्टकं चालली होती. सगळ्या नवऱ्या खाली बघतात. दीपमाला मान वर करून माणसांच्या डोक्यांवरून घराकडं बघत होती.

"खाली बघ म्हनून लई सांगितलतं येडीला," भिवराबाई म्हणाली. मग मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन, "मलाच हुडकायलीय."

पुन्हा हॉर्न. तिनं मोबाईल पोलक्यात खोचला. "उठ की पोरी, गळ्याला तरी लाग."

"उठता येत न्हाई, मावशी. अजून समद्या गावाची लग्नं नव्या डिस्कवर उतरायचीत. अंगठा काढला की गेलं."

भिवराबाई आत आली. वाटेसाठी भरून घेतलेल्या बाटलीचं झाकण काढून तिनं ती शिवकन्याच्या तोंडाला लावली.

"तुमाला लागंल की ट्रकात."

"पी गप."

बाहेर मुकादम ओरडत होता. शिवकन्या पीत राहिली, अंगठा तसाच दाबून.