एका हातानं उचलली जाणारी खोली

मी एक खोली बोलतेय. दचकू नका. मी चाकांवरची खोली आहे, मला कॅम्पर म्हणतात. हे नाव घेतलं की आपल्याकडच्या लोकांना लग्नातला थंड पाण्याचा जार आठवतो, म्हणून आधीच सांगून टाकते. मला छप्पर आहे, दोन खिडक्या आहेत, एक दार आहे आणि पोटाखाली दोन चाकं आहेत. इंजिन मात्र नाही. कुणीतरी ओढलं तरच मी चालते. माझ्या आयुष्यातली जवळजवळ सगळी सुखदुःखं या एका गोष्टीतून आली.

आज मी अजिंठ्याजवळच्या एका शाळेच्या मैदानात लिंबाच्या झाडाखाली उभी आहे. अगदी निवांत. हा निवांतपणा मला सहजासहजी मिळालेला नाही.

माझा जन्म वाळूजच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये झाला. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर पांढरा पत्रा. पुढं एक लांब दांडी, तिच्या टोकाला हुकात अडकणारा लोखंडी जबडा. कारागीर त्या दांडीला माझं नाक म्हणायचे. "नाक सांभाळ रे हिचं," असं म्हणत त्यांनी मला शेडबाहेर काढलं, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

माझा पहिला मालक हौशी होता. त्यानं मला सहकुटुंब म्हैसमाळला नेलं. त्या दिवशी माझे दोनशे तरी फोटो निघाले असतील. माणसं माझ्या दारात उभी राहून हसत होती, आत मात्र कुणी तासभरही बसलं नाही. परत आल्यावर मला शेतातल्या घरामागं लावलं, वर ताडपत्री टाकली आणि सगळे मला विसरले. तीन वर्षं माझ्या सावलीला शेळ्या बसल्या. शेळ्यांनी फोटो काढले नाहीत, पण त्या रोज आल्या.

मग श्रेया आली.

श्रेया बजाजनगरची. तिचे वडील रामकिसन, म्हणजे अण्णा, तीस वर्षं एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. पत्रा ठोकणाऱ्या त्या मशीननं पगार दिला आणि हळूहळू कान नेले. श्रेया शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला गेली, कान तपासण्याचं शास्त्र शिकली, तिथं नोकरीही मिळाली. ती सोडून परत आली. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं ताडपत्री ओढून काढली, माझ्या धुळकट भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, हीच. हिच्यात बसून गावोगावच्या पोरांचे कान तपासायचे."

अण्णांना ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, "व्हय, शेळ्या लई हायेत."

तिनं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं होतं. जगाचे कान तपासायला निघालेल्या पोरीचा बाप घरातच हुलकावणी देत होता.

श्रेयानं मला विकत घेतलं आणि नवं केलं. कान तपासायला शांतता लागते, म्हणून माझ्या आत तिनं जाड भिंतींची एक छोटी खोली बांधली. खोलीतली खोली. तिचं दार लावलं की बाहेरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही. पुढं ओढणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज असणार, म्हणून ती शांत खोली तिनं अगदी मागच्या टोकाला बसवली. तिच्या शेजारी पाण्याची टाकी. टाकीखाली चार बॅटऱ्या. पुढच्या भागात फक्त एक खुर्ची आणि मुलांसाठी चित्रांचे तक्ते.

काम झाल्यावर शेजारचे लोक बघायला आले. कुणीतरी माझं नाक धरलं आणि एका हातानं वर उचललं. "अरे, काय हलकी आहे! पोरगंसुद्धा उचलेल!" मग प्रत्येकानं मला एका हातानं उचलून पाहिलं. श्रेयाचा चेहरा फुलला. मीही फुलले. खरं सांगते, त्या कौतुकानं माझी मती गेली. आपल्या पोटात काहीतरी चुकलंय, हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं.

पहिलं शिबिर या अजिंठ्याजवळच्या शाळेत ठरलं. ओढायला श्रेयाचा चुलतभाऊ विश्वजीत आला. लासूर स्टेशनला त्यांची शेती आणि मार्केटात आडत. त्याची एसयूव्ही पांढरीशुभ्र, उंच. तो म्हणाला, "तायडे, दीडशे घोड्यांची ताकद आहे हिच्यात. तुझी खोली मागं आहे हे विसरूनसुद्धा जाशील."

विसरायची सोय नव्हती. वाटेतल्या चौका गावच्या उतारावर गाडीनं सत्तरचा वेग घेतला आणि माझी शेपूट डावीकडं गेली. मग उजवीकडं. मग जास्त डावीकडं. मला थांबता येईना. मी हलले की एसयूव्ही हलायची, ती हलली की मी आणखी हलायचे. विश्वजीतनं घाबरून ब्रेक दाबला आणि मी तिरपी होऊन रस्त्याकडेच्या दगडावर आपटले. दिवा फुटला. कुणाला लागलं नाही, पण श्रेयानं मला तिथूनच माघारी वळवायला लावलं. त्या दिवशी शाळेत सत्तर मुलं वाट पाहून घरी गेली.

"गाडी फार उंच आहे," श्रेयानं ठरवलं. "पिकअप पाहिजे."

पिकअप होती तौफिकची. तो फुलंब्रीहून मार्केटात अद्रक वाहायचा. गाडी जुनी, रंग उडालेला, मागं अद्रकाच्या मातीचा वास. तौफिक जपून चालवायचा. पन्नासच्या पुढं गेला नाही. तरी त्याच उताराला मी पुन्हा डोलायला लागले. त्यानं वेग कमी केला, गाडी बाजूला घेतली आणि उतरून माझ्याभोवती एक फेरी मारली.

"ताई, मैं आगे नहीं ले जाता. रिकामं जाऊ, पण जित्तं जाऊ."

"अरे पण तिकडं लोक थांबलेत! तुझ्या गाडीत दमच नाही. भंगार गाडी आहे ही."

तौफिकचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "दम है ताई. खोलीत कायतरी गडबड है. जरा सुनो तो."

तिनं ऐकलं नाही. ऐकण्याचं शास्त्र शिकलेल्या मुलीनं ऐकलं नाही. आणि मी, जिच्या पोटात ती गडबड होती, गप्प उभी राहिले. मला तोंड नाही हे खरं आहे. पण तोंड असतं तरी त्या क्षणी मी बोलले असते का? माझ्यावरचा दोष दुसऱ्याच्या माथी जात होता आणि मला बरं वाटत होतं. याची लाज मला अजून आहे.

संध्याकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका संध्याबाईंचा फोन आला. श्रेयानं तो माझ्या पायरीवर बसून घेतला, म्हणून मी सगळं ऐकलं.

"मॅडम, दोनदा झालं. लोक मला हसतात. एक बाई तर दोन्ही वेळा चार किलोमीटर चालत आली लेकराला घेऊन. पुढच्या शनिवारी बोलावते. पण हे शेवटचं हां. त्यानंतर मी गावाला तोंड दाखवू शकणार नाही."

फोन ठेवल्यावर श्रेया तडक आत गेली. मग लॅपटॉप उघडून तिनं गाड्यांची यादी केली. कुणाची ताकद किती, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर किती. दोन दिवस ती शोरूम पालथी घालत होती. सगळे तिला इंजिनाबद्दलच सांगायचे. मंगळवारी ती घरी आली आणि आईच्या फोटोसमोर उभं राहून म्हणाली, "नाही झालं शनिवारी, तर मी जाते परत. तिकडचे लोक अजून विचारतात मला."

अण्णांना शब्द ऐकू गेले नाहीत. पण ते तिच्या ओठांकडं बघत होते. ते उठले, चपला घातल्या आणि गल्लीत माझ्याजवळ आले.

त्यांनी माझ्याकडं इंजिनवाल्यांसारखं पाहिलं नाही. माझ्या नाकाखाली हात घातला आणि उचललं. एका हातानं. मग मान हलवली. दार उघडून आत गेले, मागच्या बाजूला बसले, तसं माझं नाक आपोआप वर उठलं. अण्णा आतूनच ओरडले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"श्रेया! अगं माय, उलाळ झालीया ही!"

श्रेया धावत आली. "काय झालीय?"

"उलाळ! मागनं जड. आम्ही लासूरला कापसाची बैलगाडी न्यायचो ना, मागं जास्त भरली की म्होरं जू वर उचलतं. बैलाच्या गळ्यातली दोरी आवळती. बैल बिचकतो, गाडी येडीवाकडी पळती. आन लोक काय करतात? बैलाला शिव्या देतात." ते थांबले. "बैलाचं कायबी चुकलेलं नसतं."

श्रेया घरात पळाली. तिनं घरातला वजन बघायचा काटा आणला आणि त्याच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून माझं नाक टेकवलं. काटा अठरा किलोवर थांबला. माझं सगळं वजन हजाराच्या वर. तिनं कुठंतरी वाचून काढलं की नाकावर शंभर किलोच्या आसपास वजन पाहिजे. म्हणजे अण्णांचं खरं होतं. ज्या हलकेपणाचं सगळ्यांनी कौतुक केलं, तोच माझा आजार होता.

दुसऱ्या दिवशी माझं पोट उघडलं. टाकी पुढं आली. बॅटऱ्या पुढं आल्या. यंत्रांचं कपाट चाकांच्या वर आलं. शांत खोली मात्र जागची हलेना. पुन्हा काटा लावला. पंचाण्णव. अण्णांनी नाक उचलायला दोन्ही हात घातले, कण्हले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला वाटलं, मला नव्यानं घडवलं.

आता गाडी. विश्वजीतनं हौसेनं एसयूव्ही पुन्हा लावली. माझं नाक हुकावर टेकताच तिचं मागचं अंग मटकन खाली बसलं आणि तोंड वर झालं.

"आयला," विश्वजीत म्हणाला, "माझी गाडी तर पतंग बघायला लागली."

अण्णा हसून हसून खाली बसले. मग म्हणाले, "हिच्या स्प्रिंगा मऊ हायेत. माणसं बसवायच्या. ओझ्याला लोखंडी पट्ट्यांचे पाटे पाहिजेत, जाड, एकावर एक. आन ओढणारा ओढल्या जाणाऱ्यापेक्षा जड पाहिजे. ती अद्रकवाली गाडी कुठाय?"

श्रेयाचा चेहरा पांढरा पडला.

ती तौफिकच्या घरी गेली. मी सोबत नव्हते, पण पुढं शिबिराहून परतताना तौफिक ती गोष्ट इतक्यांदा सांगत होता की मला पाठ झाली. दारात त्याची आई सगीराबी बसली होती. ती म्हणाली, "आओ बेटी. तू भंगार बोली ना, तेव्हापासून हा पोरगा रोज गाडी साबणानं धुतोय. अंगाला लावायला साबण राहिला नाही घरात."

श्रेया तौफिकला म्हणाली, "चूक माझ्या खोलीत होती. तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. माफ कर."

तौफिक चाकाकडं बघत म्हणाला, "खरंच खोलीत होती?"

"खरंच."

"मग अम्मीसमोर एकदा मोठ्यानं बोलो ना ताई."

ती मोठ्यानं बोलली. शेजारच्या दोन घरांनीही ऐकलं.

शनिवारी सकाळी तौफिकच्या पिकअपनं माझं नाक आपल्या हुकावर घेतलं. तिचे पाटे थोडे दबले आणि थांबले, ओळखीच्या माणसानं खांद्यावर ओझं घ्यावं तसे. चौक्याचा उतार आला. मी सगळे नटबोल्ट आवळून धरले होते. श्रेयानं दाराची मूठ घट्ट पकडली होती. अण्णा तिच्या आणि तौफिकच्या मध्ये बसले होते, त्यांनी तळहात पिकअपच्या केबिनच्या मागच्या पत्र्यावर टेकवला होता. ते कानानं ऐकत नाहीत, हातानं ऐकतात.

उतार संपला. मी वीतभरही डोलले नव्हते. अण्णांनी हात काढला आणि म्हणाले, "झोपू का आता?"

तौफिकनं उगाचच हॉर्न वाजवला. सिल्लोडपर्यंत वाजवत होता.

शाळेत संध्याबाई फाटकातच उभ्या होत्या. मुलं कमी होती, तीसेक. दोनदा फसलेले लोक तिसऱ्यांदा जपूनच येतात. पण ती बाई आली होती. रूपाली तिचं नाव. कडेवर चार वर्षांची संस्कृती.

"लई हट्टी हाय," रूपाली म्हणाली. "हाक मारली तरी बघत नाय. घरात सगळे रागावतात, मीबी मारलं दोनदा."

संस्कृती माझ्या शांत खोलीत बसली. श्रेयानं तिच्या कानाला हेडफोन लावला आणि हातात एक लाकडी ठोकळा दिला. आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा, एवढाच खेळ. हळू आवाज दिला. ठोकळा हातातच. थोडा मोठा. हातातच. मी माझ्या सगळ्या भिंतींनी बाहेरचं जग अडवून धरलं होतं. आणखी मोठा.

ठोकळा बादलीत पडला. टक्.

संस्कृती हसली आणि तिनं दुसरा ठोकळा मागायला हात पुढं केला.

श्रेया बाहेर आली. "तिला ऐकू येतं ताई. कमी येतं, पण येतं. शहरात पुढच्या तपासण्या करू. मशीन लावलं की पुष्कळ फरक पडेल."

रूपालीनं संस्कृतीला कडेवर घेतलं. मग एवढंच विचारलं, "मग ती हट्टी नाय?"

"नाही. तिचं काहीच चुकलेलं नाही."

अण्णा माझ्या पायरीशी उभे होते. त्यांना किती कळलं मला माहीत नाही. पण सगळी मुलं संपल्यावर ते आत आले, खुर्चीवर बसले आणि पोरीला म्हणाले, "माझा नंबर लाव. आन ते शिट्टी मारणारं मशीनबी बघ जरा."

आता माझे दिवस असेच जातात. दर शनिवारी एक शाळा, आज पुन्हा ही पहिली. श्रेयानं स्कॉटलंडच्या लोकांना काय कळवलं ते मला ठाऊक नाही, पण माझ्या दाराला तिनं नवा पडदा शिवलाय.

तुम्ही कधी माझ्यासारख्या एखादीला ओढायला गाडी निवडायला निघालात, तर इंजिन जरूर बघा. पण त्याआधी एकदा खाली वाका आणि आमचं नाक उचलून पाहा. आम्हाला सांगता येत नाही, आमचं ओझं कुठं ठेवलंय ते. ते हाताला कळतं.

निघायच्या आधी अण्णा अजूनही दर वेळी दोन्ही हातांनी माझं नाक उचलायला बघतात. कानातलं मशीन सावरत कण्हतात आणि म्हणतात, "जड हाय." मग तौफिक हसतो, श्रेया हसते, आणि आम्ही सगळे निर्धास्त होऊन निघतो.