खराखुरा बिघाड

तिळाएवढा हिरवा दिवा, केबल लॅपटॉपमध्ये शिरते त्या खाचेच्या कडेला असतो तो, आज लागलेला नव्हता. शरीफाने केबल काढली, पुन्हा बसवली. टक् असा आवाज आला, म्हणजे ती नीट बसली होती. तरी दिवा नाही. सव्वानऊ झाले होते. अकराला ऑनलाइन शिवणक्लास, आणि आज बाही लावायची होती... त्या बाहीसाठी सातही जणी महिनाभर थांबल्या होत्या, कशेळ्याच्या प्राचीपासून थेट कुवेतच्या फराहपर्यंत, आणि गेल्या बुधवारी तिनेच जरा तोऱ्यात सांगून टाकलं होतं की बाही मुंढ्यात, खांद्याच्या त्या गोलाईत, बसली की तुम्ही टेलर, तोवर नुसत्या शिवणाऱ्या.

दहिवलीच्या या घरात मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय पोचत नाही. मधली भिंत दगडी आहे, आणि कापड बेतायचं सहा फुटी टेबल दुसरीकडे कुठे मावत नाही. म्हणून इल्माने, तिच्या लेकीने, स्वतःच्या लग्नाच्या ऐन गडबडीत, मेंदीच्या दोन दिवस आधी, स्टुलावर चढून पुढच्या खोलीतल्या राउटरपासून इथवर केबल ठोकून दिली होती. तोंडात क्लिपा धरलेल्या, त्यामुळे बोलता येत नव्हतं, आणि शरीफा खाली स्टूल धरून उभी—दोघी तासभर एकमेकींशी न बोलता काम करत होत्या आणि ते किती बरं वाटत होतं...

तिचा नवरा शकूर दुकानाला निघता निघता दारात थबकला. हार्डवेअरचं दुकान चालवणारा माणूस, पण या हार्डवेअरला हात लावत नाही. "नाय लागत तर नाय. मोबाईलवर घे की क्लास," तो म्हणाला. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर सात जणींच्या खडूच्या रेघा दिसत नाहीत, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

तिने इल्माला फोन लावला. उचलला नाही. मग मेसेज आला : मीटिंग सुरू आहे, बारानंतर करते.

बारानंतर. इल्माचं सासर खालापूरला, इथून पाऊण तासावर, पण त्या घरातली इल्मा हेडफोन लावून दिवसभर कुठल्या कुठल्या कंपन्यांतल्या माणसांचे बंद पडलेले लॅपटॉप चालू करून देते, आणि आपल्या आईचा... शरीफाला एकदम हसू आलं, आणि पाठोपाठ लाजही वाटली. कारण याआधी तीनदा तिने इल्माला लॅपटॉप बंद पडला म्हणून फोन केला होता, आणि तिन्ही वेळा लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं. केबल तिने स्वतः काढली होती, या हातांनी.

पण काय करणार होते मी? लग्नानंतर इल्माचा फोन म्हणजे जेवलीस का, हो जेवले, तू, मी पण, अब्बा कसे आहेत, बरे आहेत, ठेवू? दोन मिनिटं. आणि लॅपटॉप बिघडला म्हटलं की तोच आवाज बदलायचा, सावकाश व्हायचा : अम्मी, आता खाली उजव्या कोपऱ्यात बघ... दिसलं?... छान, आता त्याच्यावर ये... असा पाऊण पाऊण तास. शरीफा मुद्दाम चुकीच्या ठिकाणी जायची. इल्मा न वैतागता परत आणायची. लहानपणी इल्माला सुईत दोरा ओवायला शिकवताना आपला आवाज असाच होता का, असं तेव्हा तिच्या मनात यायचं.

ती शब्दांकडे लक्ष देत नव्हती, आवाजच ऐकत होती. निदान तिची तशी समजूत होती.

साडेनऊ. आधी दुसरं टोक बघायचं—हे कोण म्हणालं? इल्माच. पुढच्या खोलीत जाऊन तिने राउटरमधलं टोक काढून दुसऱ्या खाचेत बसवलं. काही नाही. मग लॅपटॉप तिथे नेऊन त्याला टीव्हीच्या डब्याची केबल लावली. काही नाही. मग तो डबाच मागच्या खोलीत आणून आपली लांबलचक केबल त्याला लावली, आणि डब्यावर दिवा लागला. म्हणजे केबल धडधाकट, राउटर धडधाकट, दुखणं लॅपटॉपच्याच पोटात. कापड चांगलं, दोरा चांगला, तर मशीन उघडायचं. इतकं सरळ असतं हे? तिने लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं, पुन्हा चालू केला. दिवा नाही. पण आता तिला भीती वाटत नव्हती, उलट बऱ्याच दिवसांनी एखादा अवघड गळा बेतायला घ्यावा तशी हुशारी अंगात आली होती.

डिव्हाइस मॅनेजर. हा शब्द तर तिने कितीदा मुद्दाम चुकीचा ऐकला होता. यादी उघडली, नेटवर्क अडॅप्टरच्या ओळीखाली एका नावावर पिवळी खूण होती, उद्गारचिन्हासारखी. आधी बंद करून चालू करायचं, केलं, खूण तशीच. मग उरलं एकच, अनइन्स्टॉल. काढून टाकायचं. तिचं बोट थांबलं. पावणेअकराला पाच मिनिटं कमी. काढलं आणि परत आलंच नाही तर? बाहीचं सोड, अख्खा लॅपटॉप... आणि तेवढ्यात तो सावकाश आवाज आला, आतून, अगदी कानापाशी : कायमचं पुसू का विचारते त्या चौकटीत खूण करू नकोस अम्मी, आणि घाबरू नकोस. काढलं तरी ते इथेच असतं. शोध म्हटलं की परत येतं.

तिने काढलं. नाव यादीतून गेलं. मग वरच्या पट्टीतलं ते भिंगाचं चित्र दाबलं... एक क्षण, दोन... पडदा लुकलुकला, नाव परत आलं, पिवळी खूण गेली होती, आणि इंटरनेट सुरू झालं. खोलीत कोणीच नव्हतं. शरीफाने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा गळ्यात घातली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

बाही छान झाली. प्राचीची उलटी लागली, तीही शेवटी बसली.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. इल्माला धाप लागलेली, गच्चीवर चढून आली असावी. "बोल अम्मी, काय झालं? समोर बसलीस का लॅपटॉपच्या?"

अजून नाही चालत म्हणावं, असं शरीफाच्या अगदी ओठांवर आलं. पाऊण तास सहज मिळाला असता. पण सकाळपासून पोटात जे फुगत चाललं होतं ते आवरेना. तिने सगळं सांगून टाकलं—दुसरं टोक, टीव्हीचा डबा, तीस आकडे, पिवळी खूण, काढलं आणि परत आलं.

"या वेळी खरंच बिघडला होता," इल्मा म्हणाली.

शरीफाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. या वेळी?

"पहिल्याच फोनला तू मला स्क्रीनवरचं वाचून दाखवलंस. अक्षर अक्षर लावून. नेटवर्क केबल अनप्लग्ड. म्हणजे केबल निघालेली आहे, अम्मी."

"मग तेव्हाच का नाय बोललीस गं?"

इल्मा सांगू लागली की तिकडे कोणी काही म्हणत नाही, सगळी चांगली आहेत, पण दिवाणखान्यात सात माणसं असतात आणि नुसता आईचा फोन घेतला की आपला आवाज आपोआप बारीक होतो. लॅपटॉपचं काम म्हणून फोन घेऊन गच्चीवर गेलं, तर कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही. "आता तुला सगळं यायला लागलं," ती म्हणाली. ती हसत होती, पण पुरती नाही. "मी काय सांगून बोलत बसू?"

शरीफा टेबलाला टेकून उभी राहिली. लेक इतके दिवस तिच्याबरोबर तेच नाटक करत होती, आणि आपण मात्र किती हुशार समजत होतो स्वतःला... लाज वाटायला हवी होती, ती वाटत होती, पण तिला वजनच नव्हतं, वाऱ्यावरच्या अस्तरासारखी ती नुसती हलत होती. पुन्हा बिघडेल गं, असं म्हणता आलं असतं. म्हणावंसं वाटेना. फोन चालू होता, कोणी ठेवत नव्हतं. काहीच बिघडलेलं नसताना बोलायचं ते कुठून सुरू करायचं? सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही हे तिच्या आत्ता लक्षात आलं, तेच सांगावं, एवढंच, साधं, आणि त्या साध्या वाक्याचा पहिला शब्द तोंडात जुळवताना तिच्या छातीत अशी धडधड सुरू झाली, जशी त्या काढून टाकायच्या बटणावर बोट ठेवतानाही झाली नव्हती...