क्रेनवाल्याची मान

बांधकामावर त्याला सगळे बगळा म्हणत. लोकांना वाटतं, उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसणारा माणूस दिवसभर आभाळ बघत असेल. आभाळ कसलं डोंबलाचं! दोन गुडघ्यांच्या मधून, पायाखालच्या काचेतून, खाली लोंबणारा आकडा बघायचा. सकाळी मान खाली घातली की ती संध्याकाळीच वर यायची. डबासुद्धा वरच खायचा. आणि हा माणूस एरवी मोडेन पण वाकणार नाही अशातला, बरं का!

मग एके दिवशी मानेतून निघालेली कळ खांद्यावरून थेट अंगठ्यापर्यंत उतरली. बगळ्यानं कानाडोळा केला. बायको म्हणाली, "अहो, दाखवा ना कुणाला तरी." हा म्हणाला, "काही नाही गं, झोपेत अवघडली असेल." खरं तर त्याची पाचावर धारण बसली होती. डॉक्टर मानेचं ऑपरेशन सांगणार, आणि क्रेन सुटली की आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, हे त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. बोटांना मुंग्या यायला लागल्या, तरी तोंडातून ब्र नाही.

शेवटी व्हायचं ते झालंच. लोखंडी सळ्यांचा भारा खाली ठेवताना हात दगा देऊन गेला आणि भारा धाडकन आपटला. कुणाला लागलं नाही, नशीब. पण खाली उभा राहून वॉकीटॉकीवर इशारे देणारा शिट्टीवाला तडक साहेबांकडे गेला. (पूर्वी हे काम शिट्टीवर चालायचं. शिट्टी गेली, नाव राहिलं.) "साहेब, त्याचा हात त्याच्या ताब्यात नाही. आधी त्याला खाली उतरवा." साहेबांनी उतरवलं. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय वर चढायचं नाही, असं बजावलं.

बगळा असा भडकला की विचारू नका. "काय रे, चुगली करायला मीच सापडलो? माझ्या पोटावर पाय दिलास!"

"दिला," शिट्टीवाला म्हणाला. "आता जा आणि हात दाखवून ये."

डॉक्टरांनी मान वळवून बघितली, बोटं दाबायला लावली, फोटो काढले. "नस दबलीय. सध्या ऑपरेशनची गरज नाही. थोडे दिवस गोळ्या आणि नेमानं व्यायाम. पण हातातला जोर आणखी कमी झाला किंवा चालताना तोल जायला लागला, तर त्याच दिवशी यायचं." बगळ्याचा जीव भांड्यात पडला.

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट त्याच्या मुलीच्या वयाची होती. "काका, हनुवटी आत घ्या. खाली नाही हो, आत!" बगळ्यानं आरशात बघितलं, तर एकाच्या दोन हनुवट्या! "हे बघून बायको सोडून जाईल माझी." "मग खांदेही मागे घ्या, म्हणजे थांबेल." कपाळाला तळहात लावून दाबायचं आणि मान हलू द्यायची नाही, हात बाजूला नेऊन हळूच लांबवायचा. "कळ वाढली की थांबायचं. दात-ओठ खाऊन करायचं काम नाही हे." घरी बायको पहाऱ्याला उभी. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. ही मुंगी तर वाटेत चहाला थांबत होती. पण हळूहळू शर्टाची बटणं लागायला लागली. बायकोनं बघितलं आणि डोळे पुसले.

तोवर साहेबांनी त्याला जमिनीवर हलकं काम दिलं: आकड्याखाली कुणाला येऊ द्यायचं नाही. आणि कुणाच्या हाताखाली? शिट्टीवाल्याच्याच! बगळा त्याच्याशी चकार शब्द बोलत नव्हता. पण डोळे तर मिटता येत नाहीत ना. वरून इतकी वर्षं त्याला या माणसाची फक्त पिवळी टोपी दिसली होती. आता दिसत होतं की हा दिवसभर डोकं मागे टाकून, उन्हात डोळे बारीक करून, वरच बघत उभा असतो.

एका दुपारी विटांच्या ढिगामागे शिट्टीवाला भिंतीला टेकून उभा होता. हनुवटी आत, खांदे मागे.

"तू?" बगळ्याच्या तोंडून निघून गेलं.

"माझाही हात बधिर व्हायचा. काम जाईल म्हणून कुणाला सांगितलं नाही. लपवता लपवता ही दोन बोटं गेली ती गेलीच." त्यानं डावी मूठ वळली. करंगळी आणि शेजारचं बोट सरळच राहिली. "व्यायामानं बाकीचा हात राखलाय. तुझा आकडा आधीपासूनच डगमगत होता, मी बघत होतो. भारा आपटला तेव्हा म्हटलं, हा मला जन्मभर शिव्या देईना का, पण याची बोटं राहू देत."

बगळ्याला रडू आलं. चांगला बाप्या माणूस, विटांच्या ढिगामागे ढसाढसा रडला. "मी तुला काय काय बोललो रे," एवढंच कसंबसं म्हणाला. शिट्टीवाल्यानं त्याच्या पाठीत एक धपका घातला. "हळू रड, मान अवघडेल."

डॉक्टरांनी हो म्हटलं त्या दिवशी बगळा वर चढला. मधूनमधून उठून मान मोकळी करायची, ही साहेबांची अट. पकड घट्ट होती. पहिला भारा असा अलगद टेकला की खालची माणसं वर बघून हसली. मग त्यानं रिकामा आकडा वर घेतला आणि क्रेन थांबवली.

"काय झालं रे? हात दुखतोय का?" वॉकीटॉकीवर शिट्टीवाल्याचा घाबरलेला आवाज आला.

"हात ठणठणीत आहे, तुझ्या कृपेनं. तू मान खाली घे."

"अरे, काम खोळंबेल. साहेब ओरडतील."

"ओरडू देत. त्यासाठी त्यांना एवढ्या शिड्या चढाव्या लागतील. तुझी मान मोकळी झाल्याशिवाय मी आकडा हलवत नाही."

खाली पिवळी टोपी क्षणभर तशीच राहिली, मग सावकाश झुकली. बऱ्याच वेळानं आवाज आला. "बरं वाटलं रे."

"आणखी थांब," बगळा म्हणाला. "घाई नाही."