पेडगावची भाची

वैष्णवीनं परदेशातल्या शर्यतीत पदक मिळवलं आणि आठवड्याच्या आत मानवतच्या बसस्टँडसमोर तिचे दोन फ्लेक्स लागले. फोटो एकच, गळ्यातलं पदक एकच. एकावर ‘धनगर समाजाची वाघीण’, दुसऱ्यावर ‘मराठ्यांची रणरागिणी, पेडगावच्या पाटलांची नात’. हीच पोरगी ओळीनं हरत होती तेव्हा कुठल्याच समाजानं तिला विचारलं नव्हतं. तेव्हा ती फक्त आईबापाची, रायभान आणि सुगंधाबाईची होती. असतील शितं तर जमतील भुतं, दुसरं काय!

सुगंधाबाई मात्र दुसऱ्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली. पेडगावचे पाटील म्हणजे तिचे वडील. रायभानची मेंढरं खतासाठी त्यांच्या शेतात बसायची. अशाच एका उन्हाळ्यात सुगंधा रायभानसोबत निघून गेली, आणि माहेरचं दार बंद झालं ते झालंच. वडील गेल्याचंसुद्धा तिला याच स्टँडवर, शेंगा घेताना, एका परक्या बाईकडून कळलं होतं. घरी ती माहेराला शिव्या घालायची आणि पेडगावची बस लागली की तिच्यावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचायची.

त्याच संध्याकाळी थोरल्या भावाचा, भगवानरावांचा फोन आला.

“शुक्रवारी आपल्या दारात पोरीचा सत्कार ठेवलाय. तू बी ये. पोरीनं माइकवर येवढंच म्हणावं, मी पेडगावच्या पाटलांची नात हाय. बस्स.”

“आन् हे?”

“त्यांना कशाला तरास,” भगवानराव म्हणाले. ‘दाजी’ हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर निघाला नव्हता.

सुगंधाबाई लेकीच्या मागंच लागली. “एकदा म्हण की गं. तुझं काय जायलंय? माझं माहेर उघडंल.”

“आन् बापू?” वैष्णवीनं विचारलं.

तिच्याआधी रायभानच कबूल झाला. “म्हण, बाई. माझ्या मेंढरायचं खत त्यायला चालायचं, म्या तेवढा चाललो न्हाई. म्या फाटकाबाहेर थांबतो. स्पीकर हाय, तिथं बी ऐकू येतंय.” तो हसला. सुगंधाबाईला त्याच्याकडं बघवलं नाही, तरी तिनं हट्ट सोडला नाही. माहेराची ओढ बाईला असं काहीबाही करायला लावते.

शुक्रवारी पाटलांच्या दारात मांडव पडला. खुर्च्या आल्या, पुढारी आले, पत्रकार आले. सुगंधाबाईला मागं, बायकांत, सतरंजीवर जागा मिळाली. वहिनींनी, कस्तुराबाईंनी, हातात चहा दिला तेवढ्यावरच तिचे डोळे भरून आले. रायभान खांद्यावर घोंगडी टाकून फाटकाबाहेर उभा होता.

खरं तर शाल-नारळावर भागलं असतं. पण भगवानरावांना उत्साह नडला. पोरगी आपलीच आहे हे अख्ख्या गावाला दिसावं, म्हणून त्यांनी स्टेजवरून बायकोला हुकूम सोडला, “लेकीची ओटी भरा!”

बायकांत कुजबुज उठली. कस्तुराबाई खण-नारळाचं, तांदळाचं ताट घेऊन वर गेल्या खऱ्या, पण तिथंच थबकल्या.

“अवो, पोरगी कुवार हाय. कुवारणीची ओटी कशी भरू?”

भगवानरावांचं तोंड उतरलं. माइक वैष्णवीच्या हातात होता. सुगंधाबाईनं सतरंजीवरून खुणावलं, म्हण, तेवढं वाक्य म्हण.

“मामी, ताट माघारी नेऊ नका,” वैष्णवी म्हणाली. “ही ओटी माझ्या आईची हाय. लय वर्षं राहिलीय. मामा म्हणायलेत, मी पाटलांची नात. हायच की. पण मधी आई हाय, तिला वगळून मी नात कशी व्हायची? आन् मी रायभान धनगराची लेक बी हाय. फ्लेक्सवाले मला निम्मं निम्मं वाटून घ्यायलेत. पळताना मी सगळीच पळते.”

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या स्टेजवरून उतरल्या, थेट सतरंजीपाशी आल्या. नणंदेला हळदकुंकू लावलं आणि तिचा पदर खण, नारळ, तांदळानं भरला. सुगंधाबाई हुंदके देऊन रडली. मग तिनं ओटीतले चिमूटभर तांदूळ ताटात परत टाकले, माहेर भरलेलं राहावं म्हणून. हवं होतं ते सगळं मिळालं होतं, पण कपाळावरचं ताजं कुंकू तिला तिथं बसू देईना.

“दादा,” ती उठून भर मांडवात म्हणाली, “ज्याच्या नावाचं हे कुंकू लावलं, तो माणूस फाटकाबाहेर उभा हाय. मी बी तिकडंच चालले.”

पदर सांभाळत ती चालू लागली. कोणी तिला अडवलं नाही. भगवानराव उठले, बसले, पुन्हा उठले. भाचीच्या हातातला माइक त्यांनी घेतला आणि घसा खाकरला. आता लांबलचक भाषण होणार असं समजून पुढारी खुर्चीत सावरून बसले.

“दाजी,” अख्ख्या पेडगावाला ऐकू गेलं, “आत या. जेवण थंड व्हायलंय.”