कुठल्याही बापाने हेच केलं असतं

"इंगोल्फ, अरे तिकडे मागे कुठे टेकतोस? पुढे ये. तुझी खुर्ची धरून ठेवलीय मी!"

डेटलेफ क्रूझेच्या आवाजाला माईक लागत नसे. गावच्या अग्निशामक दलाचा तो वीस वर्षं प्रमुख होता. आज त्याने दोन्ही लाल बंब बाहेर अंगणात उभे केले होते आणि त्यांच्या रिकाम्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. खिडक्यांना काळं प्लास्टिक चिकटवलं होतं. मागचं दार मात्र उकाड्यामुळे सताड उघडं होतं, आणि तिथून गांधीलमाशा आत येऊन आलुबुखाऱ्याच्या केकवर घिरट्या घालत होत्या.

इंगोल्फ हेल्विग जागचा हलला नाही. "इथे बरं आहे. गुडघा दुखतो, पाय पसरता येतो."

"पाय कसले पसरतोस, लाजतोय लेकाचा!" डेटलेफ शेजारच्यांना म्हणाला. चार जण हसले. मार्लीसने नवऱ्याच्या दंडाला धरून उठवलं. "चल रे. सगळे बघतायत."

इंगोल्फ पुढे जाऊन बसला. आयुष्यभर त्याने छपरं शाकारली होती. हाफेल नदीच्या काठाने वसलेल्या या गावातल्या निम्म्या घरांची कौलं त्याच्या हातची होती. छपरावर चढलेल्या माणसाला खालची माणसं लहान दिसतात आणि त्यांचं बोलणं ऐकू येत नाही. तेवढ्यासाठीच हा धंदा त्याला मानवला होता. पण गुडघ्यांनी दगा दिला, आणि आता दिवसभर लोकांच्या बोलण्याच्या टप्प्यातच बसावं लागे.

दर रविवारी रात्री टीव्हीवर खुनाची गोष्ट लागते आणि सगळा देश ती बघतो. त्यातल्या एका भागाचं चित्रीकरण मागच्या शरदात या गावात झालं होतं. गावकरी गर्दीच्या दृश्यांत उभे राहिले होते, दलाने बंब दिले होते. त्याची परतफेड म्हणून टीव्हीवर लागण्याआधी तो भाग गावाला दाखवायला निर्मिती संस्थेची एक तरुण बाई बर्लिनहून आली होती.

गोष्ट साधी होती. एका नावाड्याची मुलगी मरते. ज्याने मारलं तो पुराव्याअभावी सुटतो आणि त्याच गावात मान वर करून फिरतो. शेवटी नावाडी त्याला धक्क्यावर गाठतो आणि वल्ह्याने मारतो. तपासाला आलेल्या अधिकारी बाईच्या सगळं ध्यानात येतं. ती बेड्या काढते, नावाड्याकडे बघते, आणि बेड्या परत खिशात घालते.

वल्हं खाली आलं तसा हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी शिट्टीही मारली. मागून एक जाड हात इंगोल्फच्या खांद्यावर पडला आणि दोनदा थोपटून गेला. कुणाचा, हे त्याने वळून पाहिलं नाही. पडद्यावर तो माणूस पाण्यात तोंड खुपसून पडला होता. इंगोल्फ आपल्या हातांकडे बघत राहिला.

त्या हातांनी जे केलं त्याला तीस वर्षं झाली होती. त्याची मुलगी काथलीन तेव्हा नऊ वर्षांची. एका जूनच्या दुपारी ती शाळेतून घरी आलीच नाही. पाच वाजले, सहा वाजले. मार्लीस रस्त्यावर येऊन हाका मारायला लागली आणि बघता बघता गाव गोळा झालं. तिची सायकल लोथार वेंटच्या दुकानात आहे, असं कुणीतरी म्हणालं. लोथार सायकली दुरुस्त करायचा. लग्न केलेलं नव्हतं, पोरांना फुकट घंट्या बसवून द्यायचा. गावाला तेवढं पुरलं. पोरगी कुठेय, असं विचारलं तर तो म्हणाला, "मला काय ठाऊक? ब्रेक बसवायला टाकून गेली." हे तो हसून म्हणाला. कायम असाच हसून बोलायचा तो. पण त्या संध्याकाळी इंगोल्फला ते हसू दिसलं आणि दुसरं काही दिसेना. डेटलेफने आणि बर्मान बंधूंनी लोथारचे हात धरले. बाकावर हवा भरायचा लोखंडी पंप पडला होता.

अंधार पडायच्या आत काथलीन बंधाऱ्यावरून चालत आली. पलीकडच्या गावात मैत्रिणीकडे गेली होती. तोंड लालभडक झालेलं. मार्लीसने किंकाळी फोडली. मग कळलं, तो चेरीचा रस होता.

लोथारचा उजवा डोळा गेला. खटला झाला. न्यायाधीशांनी बापाच्या मनःस्थितीचा विचार केला आणि शिक्षा स्थगित ठेवली. निकालाच्या संध्याकाळी खानावळीत इंगोल्फला कुणी स्वतःच्या बिअरचे पैसे देऊ दिले नाहीत. "कुठल्याही बापाने हेच केलं असतं," हे वाक्य त्याने तिथे पहिल्यांदा ऐकलं. मग ते तो लग्नांत ऐकत राहिला, मयतींत ऐकत राहिला. आणि लोक हळूहळू सायकली दुरुस्तीला दुसऱ्या गावी न्यायला लागले. लोथारवर आता कुणाचा संशय नव्हता. पण त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं, हे कुणाला समजत नव्हतं.

दिवे लागले. बर्लिनची बाई पुढे येऊन आभार मानायला लागली, तर डेटलेफने तिच्या हातातला माईक हळूच काढून घेतला.

"बाई, तुम्ही तुमच्या मनाने गोष्ट रचलीत. पण आमच्या गावात खरा बाप आहे असा! हा इथे बसलाय. स्वतःच्या पोरीसाठी हा कुणाच्या बापाला भ्याला नाही. इंगोल्फ, ऊठ. दोन शब्द बोल."

पुन्हा टाळ्या. बाईने कौतुकाने इंगोल्फकडे पाहिलं. "खरंच? तुमच्याही मुलीला कुणी…?"

"बोल ना," मार्लीस कुजबुजली. "धन्यवाद म्हण आणि बस."

इंगोल्फ उठला. हातात माईक आला तेव्हा तो जरा दूरच धरून उभा राहिला, जणू त्यातून वाफ येत होती. भिंतीपाशी काथलीन उभी होती, आईसारखीच हाताची घडी घालून. ती आता एकोणचाळीस वर्षांची होती आणि गावच्या दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसायची.

"तुमच्या गोष्टीत," तो बाईला म्हणाला, "त्या माणसाने मुलीला मारलं होतं."

"हो."

"लोथारने नव्हतं मारलं. माझी मुलगी ती बघा, भिंतीपाशी उभी आहे. तिला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं."

हॉलमधली कुजबुज थांबली. डेटलेफ हसत म्हणाला, "अरे, पण तेव्हा तुला कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. म्हणूनच तर सांगतोय. माहीत नव्हतं, आणि मारलं. आम्ही चौघे होतो. तिघांनी धरलं आणि मी मारलं. तो म्हणत होता, मला ठाऊक नाही. आठ-दहा वेळा म्हणाला असेल. आणि तुम्ही सगळे तीस वर्षं मला सांगताय की कुठल्याही बापाने हेच केलं असतं. नसतं केलं. हान्स केलरची पोरगी गाडीखाली आली, त्याने कुणाचा डोळा काढला नाही."

डेटलेफने खाली वाकून माईकची वायर गुंडाळायला घेतली. माईक अजून इंगोल्फच्या हातात होता. वायर ताणली गेली तेव्हा त्याने तो खुर्चीवर ठेवून दिला.

"केक संपवायचाय बरं का," मागून एक बाई बळेच मोठ्याने म्हणाली. खुर्च्या सरकल्या, कपबशा वाजल्या.

मार्लीस त्याच्याकडे न बघता बोलली, "एवढी वर्षं नीट गेली होती. आता मी दुकानात तोंड कसं दाखवू?"

"मलाही ठाऊक नाही," इंगोल्फ म्हणाला.

बाहेर अंगणात काथलीनने त्याला गाठलं. "बाबा, मला आधी सांगायचंत तरी."

"मलाच माहीत नव्हतं."

"लहानपणी शाळेत पोरं मला म्हणायची, तुझा बाप काय भारी! मला वाटायचं, त्या दिवशी मी मैत्रिणीकडे गेलेच नसते तर." तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागावलेला होता. "हे कुणाला बोलायची सोय होती का घरात?"

तो तिच्या दंडाला हात लावायला गेला. तिने दंड काढून घेतला नाही, पण जवळही आली नाही. मग म्हणाली, "कुठे चाललात?"

त्याने बंबांच्या पलीकडे, लोथारच्या कुंपणाकडे मान वळवली.

"आज नका जाऊ. आज तुम्ही भरून आलेले आहात. ते तुमचं ओझं त्यांच्या दारात नेऊन टाकाल."

"टाकेन कदाचित," तो म्हणाला, आणि गेला.

लोथार वेंटचं घर दलाच्या हॉलला पाठ लावून होतं. दुकानाचा दरवाजा बंद होऊन जमाना लोटला होता. लोथार मागच्या परसात अक्रोडाच्या झाडाखाली टेबल मांडून बसला होता. केस पांढरे, पाठ ताठ. उजव्या बाजूला काचेचा डोळा, जो कुठेच बघत नव्हता.

"लोथार."

"नमस्कार, हेल्विगसाहेब."

ते दोघं एका शाळेत होते. एका होडीतून मासे धरायला गेले होते. पण खटल्यानंतर लोथारने त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"टाळ्या कशाला झाल्या?" लोथारने विचारलं. "दार उघडं होतं, इथवर आल्या."

इंगोल्फने कुंपणाचं दार ढकललं नाही. "सिनेमात बापाने एका माणसाला मारलं. तेव्हा."

"त्या माणसाने केलं होतं काही?"

"हो. सिनेमात केलं होतं."

"मग ठीक." लोथारने टेबलावरचं वाळकं पान बोटाने सारलं. "नंतर एकदम चिडीचूप झालं. मला वाटलं, यंत्र बिघडलं."

"तेव्हा मी बोलत होतो."

"काय?"

"की तू काही केलं नव्हतंस."

"हे मला माहीत होतं," लोथार म्हणाला.

इंगोल्फने कुंपणावर हात ठेवला. "मी माफी मागायला…"

"मागू नका." आवाज चढला नाही, पण इंगोल्फने कुंपणावरचा हात काढून घेतला. "मागितलीत की मग मला काहीतरी द्यावं लागेल. नाही दिलं तर मी वाईट ठरेन. एक डोळा नेलात तुम्ही. आता आणखी काही न्यायला येऊ नका."

झाडावरून एक पक्षी उडाला. हॉलकडून गाड्या सुरू झाल्याचे आवाज येत होते.

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? मी सायकली दुरुस्त करायचो."

इंगोल्फ "येतो" म्हणाला आणि वळला. पाच-सहा पावलं गेला असेल.

"हेल्विगसाहेब."

तो थांबला.

"क्रूझे होता का तिथे?"

"होता."

"ऐकलं त्याने?"

"माझ्यासमोरच उभा होता."

लोथारने थर्मासचं झाकण उघडलं. डाव्या हाताची तर्जनी त्याने कपाच्या आत, काठाच्या खाली आकडीसारखी धरली आणि कॉफी ओतायला लागला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. कॉफी बोटाला टेकली तशी त्याने धार थांबवली, आणि बोट सावकाश रुमालाला पुसलं. टेबलावर एकच कप होता. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही.

"काय म्हणालात ते तसंच्या तसं सांगा," तो म्हणाला.

इंगोल्फने कुंपणापाशी परत येऊन सांगितलं. तिघांनी धरलं, हे सांगितलं. तू आठ-दहा वेळा 'ठाऊक नाही' म्हणालास, हेही सांगितलं.

"अकरा," लोथार म्हणाला. "बरं. बर्मानची विधवा होती?"

"होती."

"शाळेची बाई? ती शुल्झ?"

"तीही."

"पोस्टातला लांब्या?"

"होता. बायकोसकट."

लोथारने कप दोन्ही हातांत धरला. प्यायला नाही. चांगला डोळा त्याने मिटून घेतला होता आणि चेहरा किंचित वर, इंगोल्फच्या आवाजाच्या दिशेला केला होता.

"आणखी कोणकोण होतं?" तो म्हणाला. "सावकाश सांगा. कुणाला गाळू नका."

इंगोल्फ उभ्या उभ्या एकेक नाव घेत गेला, आणि प्रत्येक नावाला लोथार मान हलवत राहिला.