दोन आटे

“तिसरा टाका,” गाडीखालून देवमन ओरडला.

वर सीटवर बसलेल्या गाडीमालक भगवंतरावांनी गिअरची दांडी पुढे ढकलली. खाली दांडीला जोडलेली सळई अर्ध्यावर येऊन थांबली, थरथरली आणि मागे सरकली.

“जात नाही ना लेका! तीन खेपा झाल्या. कसब इसरला का तू?”

देवमनला ते झोंबलं. अकोल्यात विलायती गाडीचा मिस्त्री म्हणजे देवमन, हे नाव कमवायला त्याला बारा वर्षं लागली होती, आणि आठवडाभरात भगवंतरावांनी ते गावभर धुऊन काढलं होतं. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. ही दोन सीटांची लाल गाडी उद्या अमरावतीला धड पोचली नाही तर विकायची, असं त्यांच्या मुलानं, चंद्रभाननं, त्यांना तोंडावर सांगितलं होतं. गिऱ्हाईकही ठरलं होतं.

देवमन खाली, भगवंतराव वर, ही बारा वर्षांची रीत. सीटवर देवमन कधी बसला नव्हता. आधी कोणी बसू दिलं नसतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यानंतर कोणी अडवलं नसतं, पण बस असंही कोणी म्हटलं नाही, आणि विचारत बसायला तो काही लाचार नव्हता.

आज मात्र तो बाहेर आला.

“उतरा जरा, भाऊसाहेब. मले पाहू द्या.”

भगवंतराव कुरकुरत उतरले. देवमननं सीटवर आपला शेला पसरला, बसला आणि दांडी हलवली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. चारी गिअर मुकाट पडले. सळईत काडीची खोट नव्हती.

त्यानं भगवंतरावांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं अर्धवट मिटलेली होती. तो हात लगेच कोटाच्या खिशात गेला.

“कधीपासून?”

“पोळ्यापासून. घरी माहीत नाही.”

देवमनला आधी संताप आला. आठवडाभर फुकटचा बट्टा! मग त्या खिशाकडे पाहून त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाही राग आला. तो पाना घेऊन पुन्हा खाली गेला.

“सळईच्या बोल्टाचे दोन आटे फिरवले,” बाहेर येऊन तो हलकेच म्हणाला. “दांडी अंगाशी आली. आता हात लांबवा लागनार नाही.”

तेवढ्यात फाटकातून चंद्रभान आला.

“काय मिस्त्री? गाडीच गेली ना कामातून?”

“नाही जी. सळई म्याच चुकीची लावली होती. झाली आता.”

“तीन खेपा चुकला? धन्य आहे तुही!”

देवमन हात पुसत राहिला.

“चूक याची नोती,” भगवंतराव म्हणाले. त्यांनी डावा हात खिशातून काढून बॉनेटवर ठेवला. चंद्रभान त्या बोटांकडे बघतच राहिला.

“गाडी इकायची नाही,” भगवंतराव त्याला म्हणाले. “उद्या तू चालवजो, देवमन. ते दोन आटे उलटे फिरव. तुह्या हाताले लाव.”

देवमननं सीटवरचा शेला उचलला, झटकून खांद्यावर टाकला आणि गाडीखाली शिरला.

“तिसरा टाका,” तो खालून म्हणाला.

चंद्रभान सीटवर जाऊन बसला आणि त्यानं दांडी पुढे ढकलली.