विसारात लिहिलेली खिडकी

सोजराबाईला भिंतींशी बोलायची सवय लागली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पिंपळे गुरवच्या तीन खणांच्या घरात कालवण ढवळताना "मीठ बघ गं," असं ती मोठ्यानं म्हणे आणि चाखून "बरं हाय" असं उत्तरही आपणच देई. एकटं माणूस शहाणं राहतं ते असंच.

म्हणून देहूरोडच्या धाकट्या बहिणीनं, ठकुबाईनं, 'आमच्या भिंतीला लागून बन्सीचं घर विकाऊ आहे' असा निरोप धाडला, तेव्हा बाईनं मागचापुढचा विचारच केला नाही. पिंपरीच्या कारखान्यात लागलेला हिंदुराव गावाकडून बिऱ्हाड आणण्यासाठी घर शोधतच होता. त्यानं सोजराबाईच्या घरासाठी एकशे एक रुपये विसार दिला. तिनं नोटांची गाठसुद्धा न सोडता तोच विसार दुसऱ्या दिवशी बन्सीच्या हातावर ठेवला. मुदत दोन्हीकडं पाडव्याच्या आतली. हिंदुरावाची बाकी रक्कम आली, की तीच बन्सीला द्यायची.

"विसाराची रीत ठावं हाय न्हवं, आक्का?" बन्सी म्हणाला. "तुमी फिरलात तर विसार बुडाला. मी फिरलो तर दुप्पट दीन."

"मी कशाला फिरतीय? तू एवढं लिहून दे. मधल्या भिंतीत खिडकी पाडायची, ठकूच्या चुलीकडं. वाटी सरकंल एवढी."

बन्सी हसला, पण त्यानं कागदावर लिहून दिलं.

महिन्याभरात ठकुबाईच्या लेकाची देहूरोडच्या लष्करी डेपोतून जबलपूरला बदली झाली. "लेकामागं जायाच पायजे, आक्का," असं म्हणून ती पोटभर रडली आणि घराला कुलूप लावून गेली.

आता इकडे आड, तिकडे विहीर. बन्सीला नाही म्हणावं तर एकशे एक बुडाले. हिंदुरावाला नाही म्हणावं तर त्याला दोनशे दोन मोजायचे, आणि बाईच्या गाठीला वीससुद्धा नव्हते. एकाचा विसार दुसऱ्याला देऊन मोकळी होणारी बाई मोकळी होत नाही, दोन्हीकडून बांधली जाते, हे तिला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. एकच वाट उरली. हिंदुरावापुढं पदर पसरायचा. सौदा राजीखुशीनं मोडू दे, तुझे पैसे सवडीनं फेडीन, म्हणायचं.

ती पिंपरीला त्याच्या पत्र्याच्या खोलीवर गेली. हिंदुराव कामावर होता. त्याची बायको दुर्गाबाई दोन पोरं घेऊन चारच दिवसांपूर्वी आली होती. गाठोडी अजून सोडली नव्हती. तिनं चहा केला.

"मावशी, तुमच्या घरात चूल कुठल्या अंगाला हाय?" तिनं विचारलं. "मी चार वर्सं एकलीच काढली. ह्यांचं तोंड दिवाळीलाच दिसायचं. आता घर मिळालं म्हनून ह्यांनी बोलवलं."

सोजराबाईच्या ओठांवर आलेलं सगळं तिथंच थांबलं. एकली म्हणजे काय, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"उगवतीला हाय," ती म्हणाली. "धूर सरळ वर जातो बघ." चहा संपवून ती उठली.

पाडव्याआधी दोन्ही खरेदीखतं झाली. बन्सीनं शब्द पाळला होता. भिंतीत वीतभर खिडकी, कडा चुन्यानं सारवलेल्या, खाली फळकूट. "लिवलं तसं केलं, आक्का," तो म्हणाला. तिनं फळकुटावरून हात फिरवला. तिला फार एकटं वाटलं.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं पिठलं केलं. हात सवयीचा गुलाम. एक वाटी खिडकीत सरकलीच. "ठकू, मीठ बघ गं," ती म्हणाली. पलीकडच्या बंद घरात तिचाच आवाज जरासा घुमला.

सकाळी वाटी जागच्या जागी होती, पिठल्यावर पापुद्रा धरलेला. तिनं ती ओढून घेतली आणि तेच न्याहारीला खाल्लं. मीठ कमी पडलं होतं.